पूस

टॉवेलची कड मुडपायची, नगाला इतके पैसे.
अठरा वर्षं तेच केलं.
कड वाकडी गेली की पैसे कापायचे;
कोंडाशेठच्या टेबलावर
माझ्या वाकड्या कडांचा वेगळा ढीग असायचा,
फार मोठा नाही, पण माझा.

आता घरी बसून
वाकडंच शिवते.

साखर पेठेतल्या बंद कारखान्याच्या दारात
भंगारवाला पोतं भरत होता.
त्याच्याकडनं घेतली
चादरींची तुटकी टोकं, किलोच्या भावात,
कांड्यांवर उरलेला जांभळा, हिरवा,
आणि तो एक, करडईच्या फुलासारखा पिवळा.
वर जेकार्डचे भोकाभोकांचे पत्ते चार,
कुठल्याशा मोराच्या अंगातले.
बाकीचा मोर कुठं गेला, देव जाणे.
मी त्याच भोकांतून दोरा ओढला
तर निघालं भलतंच:
मान नाही, पिसारा नाही,
नुसती एक ओळ, काही घ्यायचं नसताना
बाजारात हिंडणाऱ्या बाईसारखी.
मी मोठ्यानं हसले. घरात कुणी नव्हतं.

मणी घेते मधल्या मारुतीपाशी.
जमादारांच्या दुकानात वाटीनं मोजतात,
ज्वारी मोजावी तसे.
म्हातारा विचारतो, "लग्न निघालं का घरात?"
नाही.
"मग बारसं?"
तेही नाही.
तेव्हा त्यानं मूठभर वर घातले, रंग उडालेले,
"घेऊन जा. यांचंही कुठं जमत नाही."

कनकव्वा दारात येते, बगलेत विड्यांचं सूप.
"काय करलालीस गं हे?"
चादर पांघरायला, टॉवेल पुसायला,
पायपुसणं उंबऱ्यात.
हे कशाला?
मी म्हणते, बस तर आधी.
बसते. पान कापता कापता
तिची कात्री थांबते.
"इथं लाल घाल," म्हणते.
"नाही नाही, त्याच्या शेजारी."
संध्याकाळी तिच्या शंभर विड्या कमी भरल्या.
शिव्या मला घातल्या.
दुसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर आली.

माझ्या डोळ्यांचं विचारू नका.
लेकीचा साईतेज शाळेला जाताना
वीस सुयांत दोरे ओवून देतो,
उशीला टोचून, रंगारंगानं.
कधी अकरालाच विसाव्या सुईचा दोरा संपतो,
मग घड्याळाकडे बघत बसते,
शाळा सुटायची वाट, पोरापेक्षा मलाच जास्त.

काय मिळतं यात, ते मला
मराठीत सांगता येत नाही, तेलुगूतही नाही.
सुई खाली जाते तेव्हा
कुठून वर येईल ते दिसत नाही.
येते वर.
दिवसातून तीनशे वेळा येते.

परवा रात्री वीज गेली, आणि त्याच वेळी
हातातून निळा मणी सुटला, शेवटचा निळा,
टुणटुण करत फरशीवर कुठं गेला.
मी ओरडले, "पूस! पूस!"
आमच्यात मण्याला पूस म्हणतात.
सून बार्शीची, येऊन दोन वर्षं झाली.
तिला वाटलं, काहीतरी सांडलं.
जुना टॉवेल घेऊन धावत आली
आणि अंधारात फरशी पुसायला लागली,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
"अगं, पूस गं!"
"पुसतीय की, आत्या!"
"पूस कुठाय?"
"अजून कुठं पुसू?"

वीज आली तेव्हा
दोघी गुडघ्यांवर, हसून पोट धरलेल्या,
आणि टॉवेलच्या टेरीत, एका फाशात
तो निळा, आरामात बसलेला.

मी काढला नाही.
सुई मागितली, तिथंच टाका घातला.
टॉवेल उलटून पाहिला तर
कड वाकडी होती.
ढिगातलाच.